मागचं चाक परत परत बसतंय? वढवाणा आणि सिंधरोट रूटवरच्या पंक्चरचं मूळ असं शोधा

मागच्या सीझनला ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात माझ्या सायकलचं मागचं चाक सात वेळा बसलं. पुढचं एकदाही नाही. दर वेळी पंक्चर काढलं, दोनदा नवी ट्यूब टाकली, एकदा टायरसुद्धा नवा घेतला आणि तरी आठ-दहा दिवसांत पुन्हा तेच. बडोद्यात माझ्यासारखे बरेच जण रविवारी पहाटे कपुराई चोकडीवरून (म्हणजे चौकातून) डभोईकडे निघतात आणि पुढे वढवाण्याच्या तलावापर्यंत जाऊन येतात, वेळ कमी असला तर सेवासीवरून सिंधरोटला मही नदीच्या काठापर्यंत, आणि यातल्या कितीतरी जणांची तक्रार हीच की रस्ता सपाट, डांबर चांगलं, खड्डे फारसे नाहीत, मग पंक्चर होतंच कसं सारखं. सात पंक्चरमध्ये मला चार वेगवेगळी कारणं सापडली, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, ज्यांचं चाक आत्ता बसलेलं आहे त्यांनी शांतपणे पूर्ण वाचा, मगच टायर उघडा.

आधी लक्षणाबद्दल. सपाट रस्त्यावर हळूहळू जाणारी हवा लवकर कळतच नाही. घाटात उतारावर मागचं चाक जरा डुललं की लगेच समजतं, इथे ना चढ ना उतार, तासन् तास एकाच लयीत पेडल मारायचं. त्यात डभोईच्या बाजूला शेतं एकदम मोकळी, थंडीत वारा उत्तरेकडून असला की परत येताना तो तोंडावर येतो. पहिल्या वेळी मी चांगले दहा-बारा किलोमीटर हेच समजत होतो की वारा वाढलाय, गियर हलका केला, मान खाली घातली, अठ्ठावीसचा स्पीड तेवीसवर आला तरी वाऱ्यालाच दोष देत राहिलो, आणि थांबून बघितलं तर मागच्या टायरमध्ये निम्मी हवाही उरली नव्हती. तेव्हा वारा अचानक जड वाटायला लागला तर सीटवर बसल्या बसल्या दोन-तीनदा अंग हलकं वरखाली करून बघा. मागून स्पंजासारखं दबल्यासारखं लागलं, किंवा वळताना मागचा भाग बाहेर सरकल्यासारखा वाटला तर लगेच थांबा. अंगठ्याने टायर दाबून अंदाज घ्यायची सवय सोडा, बारीक टायरमध्ये साठ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि ऐंशी पीएसआय अंगठ्याला सारखेच कडक लागतात. घरी गेज म्हणजे दाब दाखवणारा काटा असलेला उभा पंप पाहिजेच.

मागचंच चाक का, तर एक म्हणजे वजन मागे जास्त. सपाट रस्त्यावर आपण पेडलवर उभे राहतच नाही, त्यामुळे सगळा वेळ तो भार मागच्याच टायरवर. दुसरं, रस्त्यावर आडवा पडलेला काटा किंवा तार पुढच्या चाकाखाली येते तेव्हा नुसती उडते, उभी होते, आणि त्याच क्षणी मागचं चाक तिच्यावर चढतं. म्हणून पुढचं शाबूत, मागचं बसलेलं. यात तुमच्या चाकात काही खोट आहे असं नाही.

आता या रूटवर एवढे काटे कुठून येतात ते बघा. वढवाणा हा नैसर्गिक तलाव नाही, सयाजीराव महाराजांच्या काळात १९०९-१० च्या सुमारास शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला आहे, ओरसंग नदीचं पाणी जोजवाच्या बंधाऱ्यावरून त्यात आणलेलं. २०२१ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला आणि थंडीत तिथे बाहेरदेशीचे पक्षी बघायला गर्दी असते, पट्टकादंब हंस तर मी स्वतः दर वर्षी बघतो. पण सिंचनाचा तलाव म्हटला की कालवे आले, कालव्यांच्या पाळी आल्या, आणि त्या पाळींवर ओल धरून माजणारी वेडी बाभूळ आली, जिला इथे सगळे गांडो बावळच म्हणतात. हे झाड इथलं नाही, मूळचं अमेरिका खंडातलं, पण खारं पाणी, गोडं पाणी, कोरडी जमीन, कशालाही नाही म्हणत नाही. महीच्या बाजूच्या कोतरांतही, म्हणजे घळींतही, तेच. पावसाळ्यात ती रस्त्यावर झुकते, पाऊस गेला की कुणीतरी कडेच्या फांद्या छाटतं, आणि शेतकरी त्याच फांद्या कुंपणाला लावायला ओढत रस्ता ओलांडून नेतात. जिथे डांबरावर फांदी ओढल्याचे बारीक ओरखडे दिसतील किंवा वाळलेली बारीक पानं एका रेषेत पडलेली दिसतील, तिथे काटे आहेत असंच धरा. मी आता अशा जागा लक्षात ठेवतो आणि रस्ता मोकळा असेल तर हाताने खूण करून तेवढं अंतर जरा आतून जातो.

दुसरा शत्रू सराटा, म्हणजे गोखरू. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला जमिनीला चिकटून पसरतो, पिवळी पाच पाकळ्यांची छोटी फुलं, दिसायला इतका साधा की कुणी लक्ष देत नाही. दिवाळीच्या आसपास तो सुकतो आणि फळ पाच तुकड्यांत फुटतं. प्रत्येक तुकड्याला दोन मोठे काटे, आणि तो कसाही पडला तरी एक काटा वर राहतोच. फोटो काढायला किंवा पाणी प्यायला सायकल डांबरावरून खाली उतरवून कच्च्यात उभी करतो ना आपण, तिथेच हे चिकटतात. सिंधरोटला नदीकडे उतरताना कच्च्यात मी सायकल आता खांद्यावर घेऊन जातो, दहा पावलांचं काम असतं.

बरं, आता माझ्या पहिल्या तीन पंक्चरची गोष्ट, कारण खरं शिकलो ते तिथे. पहिली दोन मी घराजवळ काढून घेतली. तिसऱ्या वेळी डभोईच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक ताडपत्री बांधलेलं पंक्चरचं दुकान आहे तिथे थांबलो, काका सत्तरीचे असतील, पुढ्यात काळं पाणी भरलेलं घमेलं. मी चाक काढून ट्यूब त्यांच्या हातात दिली आणि त्यांनी ती बाजूला ठेवली. म्हणाले, "ट्यूब नहीं, पहेलां टायर जो." म्हणजे आधी टायर बघ. मग त्यांनी विचारलं की आधीची पंक्चरं ट्यूबवर कुठे आहेत. मला काहीच सांगता येईना. त्यांनीच ट्यूब घेतली, व्हॉल्वपासून वीत मोजली, एक वीत आणि चार बोटं, तिथे जुना पॅच होता आणि त्याच्या शेजारी अर्ध्या बोटावर नवं भोक. टायर आपण एकाच बाजूने उघडतो, पूर्ण काढत नाही, त्यामुळे तो रिमवर होता तिथेच राहतो, म्हणजे व्हॉल्वपासून तेच अंतर टायरवर मोजलं की गुन्हेगार तिथेच बसलेला.

बाहेरून बघितलं तर काही नाही, फक्त एक काळपट ठिपका, असे ठिपके तर वापरलेल्या टायरवर शंभर असतात. काकांनी कापसाचा बोळा घेऊन टायरच्या आतून फिरवला, आणि त्या जागी कापसाचे दोन तंतू अडकून ताणले गेले. मग टायर त्यांनी दोन्ही हातांनी आतून बाहेर असा उलटा वाकवला, तर रबरातून तपकिरी टोक वर आलं, सोडलं की पुन्हा आत गेलं. पुन्हा वाकवलं, पुन्हा वर. मी दोन-तीनदा करून बघितलं. चिमट्याने ओढून काढलं तेव्हा हातात आला तिळाएवढा तुकडा, एवढाच, बाकीचा काटा केव्हाच तुटून पडला होता. सायकल नुसती उभी असते तेव्हा तो टायरच्या जाडीत लपलेला असतो, तुम्ही बसलात आणि चाक फिरलं की रस्त्याला टेकणारा भाग दर फेरीला वाकतो आणि ते टोक दर फेरीला ट्यूबला टोचतं. म्हणून नवी ट्यूब टाकली की दोन-तीन राइड छान जातात आणि मग पुन्हा. घरी येऊन मी आधीच्या टाकून दिलेल्या ट्यूबवर वीत मोजली, तिथेही बरोबर तेवढ्याच अंतरावर भोक. म्हणजे तिन्ही पंक्चर एकाच काट्याची होती आणि मधल्या काळात ट्यूबचे पैसे फुकट गेले.

तर पहिला नियम हा धरा की ट्यूब काढताना ती कुठल्या बाजूने कशी बसली होती हे विसरायचं नाही. मी आता टायर बसवतानाच त्याच्यावरचं कंपनीचं नाव बरोबर व्हॉल्वसमोर येईल असं बसवतो, आणि ट्यूबवर चेनच्या बाजूला खडूने एक रेघ मारतो. मग भोक सापडलं की ट्यूब टायरवर तशीच ठेवायची आणि त्या जागी शोधायचं. भोक लहान असेल तर ट्यूब टायरच्या जाडीच्या दुप्पट फुगेल इतकी हवा भरा, ओठाजवळून हळूहळू फिरवा, ओठाला बारीक गार हवा लागते. गालापेक्षा ओठ चांगला. तरी नाही सापडलं तर घरी परात पाणी भरून. आतून चाचपताना उघडं बोट जोरात फिरवू नका, तारेचा तुकडा असला तर बोट फाटतं, कापूस नाहीतर जुना पायमोजा वापरा. आणि एक काटा सापडला म्हणून थांबू नका, पूर्ण चक्कर मारा, बाभळीच्या पट्ट्यातून गेलात तर एकाच वेळी तीन-तीन असतात.

भोक ट्यूबच्या कुठल्या बाजूला आहे त्यावरून बरंच कळतं. बाहेरच्या म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला असेल तर काटा, तार, काच. आतल्या म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल तर बाहेरच्या कुठल्याही गोष्टीचा संबंध नाही, टायर कितीही महागाचा घ्या, ते होतच राहणार. माझी चौथी आणि पाचवी ही असली होती. तिसऱ्यानंतर टायरवर बरेच चिरे दिसले म्हणून नवा टायर बसवून घेतला, दुकानवाल्याने बरोबर रिम टेपही (रिमच्या आतली स्पोकची भोकं झाकणारी पट्टी) नवी टाकली, ती रिमच्या मानाने अरुंद होती आणि हे मी बघितलं नाही. दोन आठवड्यांत टेप एका बाजूला सरकली आणि स्पोकच्या भोकांच्या कडा उघड्या पडल्या. ट्यूब बाहेर काढून उन्हात धरली तर आतल्या बाजूने ओळीने गोल गोल फुगवटे, पुरळ उठल्यासारखे, बरोबर स्पोकच्या भोकांच्या अंतरावर, आणि त्यातल्या एका फुगवट्याच्या कडेला चीर. असं काही दिसलं तर पॅच मारून उपयोग नाही, टेप बदला. भोकं सगळी झाकली जातील इतकी रुंद पाहिजे, पण टायरची कड जिथे बसते तिथे चढता कामा नये. पातळ प्लास्टिकची टेप आपल्या इथल्या उन्हात मऊ होऊन दबते, विशेषतः सायकल गच्चीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवणाऱ्यांची. मी कापडी चिकटणारी टेप लावली, तेव्हापासून ती जागची हललेली नाही.

व्हॉल्वच्या बुडाशी फाटलं असेल तर बहुतेक वेळा आपला हातच कारण असतो. छोटा हातपंप लावून जोरजोरात हिसके देत हवा भरली की व्हॉल्व मागेपुढे होतो आणि बुडाशी रबर चिरतं. एका हाताने पंपाचं तोंड आणि स्पोक असं एकत्र मुठीत धरा, दुसऱ्या हाताने पंप मारा. व्हॉल्वची छोटी गोल चकती पक्कडीने कधीच आवळायची नाही, बोटाने टेकवायची बास. तिथे फाटलेल्या ट्यूबला पॅच बसत नाही, ती टाकूनच द्या.

आणि शेजारी शेजारी दोन चिरा, साप चावल्यासारख्या, म्हणजे हवा कमी होती आणि चाक कशावर तरी आदळलं, ट्यूब रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिमटली. माझं सहावं हेच. वारंवार होतंय म्हणून कुणीतरी सल्ला दिला की हवा कमी ठेव, टायर मऊ असला की काटा कमी शिरतो, मी मागे साठ ठेवली आणि नदीवरच्या पुलाच्या जॉइंटला जी लोखंडी पट्टी असते तिच्यावर अठ्ठावीस-तीसच्या स्पीडने चढलो. मोठा आवाज झाला आणि शंभर मीटरमध्ये रिमवर. नद्यांच्या बाजूच्या रूटवर असे जॉइंट लागणारच, बाकीचा रस्ता सपाट असल्यामुळे आपण बेसावध असतो. पट्टी दिसली की पेडल थांबवा, दोन्ही पाय सारख्या उंचीवर, गुडघे-कोपर ढिले आणि सीटवरून जरा उठा. जिथे पुलाची पातळी रस्त्यापेक्षा वर आलेली आहे तिथे तर नक्की.

हवेचा आकडा ज्याचा त्याने ठरवायचा, पण अंदाज म्हणून माझा सांगतो. वजन ७२ किलो, टायर २८ मिलिमीटर, मागे ८०, पुढे ७२. पूर्वी २५चा टायर होता तेव्हा मागे ९० ठेवायचो. टायरच्या बाजूला जास्तीत जास्त किती ते लिहिलेलं असतं, त्याच्यावर जायचं नाही, आणि नवीन हुक नसलेल्या (टायर अडकवायला कड आत वळवलेली नसते अशा) रिम असतील तर त्यांची मर्यादा ५ बार म्हणजे साधारण ७२ पीएसआयच आहे, ती पाळाच. अजून एक, डिसेंबरमध्ये पहाटे पंधरा डिग्रीत ८० भरली आणि दुपारी पस्तीसमध्ये परत येताय तर ती आपोआप सहा-सात पीएसआयने वाढलेली असते, हे हिशोबात धरा. दर राइडच्या आधी गेज लावून बघा, ट्यूबमधून थोडी हवा रोज जातेच, आठवड्याने सायकल काढणाऱ्याच्या टायरमध्ये मागच्या रविवारची हवा उरलेली नसते.

सातवं पंक्चर पॅच उचकटल्यामुळे झालं. घाईत लावला होता. पॅचच्या बाबतीत सगळ्यात जास्त चूक सोल्युशन ओलं असताना चिकटवण्याची होते. आधी पॉलिश पेपरने ट्यूबची चकाकी जाईपर्यंत घासायचं, ट्यूबवर जोडाची जी उंच रेघ असते ती भोकाजवळ असेल तर ती पूर्ण सपाट करायची, नाहीतर हवा तिथूनच वाट काढते. मग सोल्युशनचा पातळ थर, पॅचपेक्षा मोठा, आणि हात लावायचा नाही. पाच मिनिटं. चमक गेली आणि पृष्ठभाग मंद दिसायला लागला की पॅच ठेवून मधून बाहेरच्या बाजूला जोरात दाबायचा, मी चमच्याच्या पाठीने दाबतो. वरचं पातळ प्लास्टिक ओढून काढायची गरज नाही, त्याच्या नादात कडा उचलली जाते. बिनसोल्युशनचे चिकटवायचे पॅच घरी पोचण्यापुरते ठीक आहेत. रस्त्यात मी पॅच मारतच नाही, स्पेअर ट्यूब टाकतो आणि पंक्चर झालेली घरी आणून निवांत दुरुस्त करतो, दोन स्पेअर असतात बरोबर.

रस्त्यात थांबायचं असेल तर इथली एक गोष्ट फार महत्त्वाची. ट्यूब पाण्यात बुडवून बघायला म्हणून विश्वामित्रीच्या, महीच्या किंवा कुठल्याही तलावाच्या काठावर उतरू नका. आपल्या विश्वामित्रीत मगरी शहराच्या मधोमध राहतात हे सगळ्यांना माहिती आहे, पण आजूबाजूच्या तलावांत आणि ओढ्यांतही असतात हे पहाटेच्या अंधारात विसरायला होतं. पाळीवर उकिडवं बसून पाण्यात हात घालणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. बाटलीतलं थोडं पाणी ट्यूबवर ओता, बुडबुडे तिथेही दिसतात. आणि दुरुस्ती करताना रस्त्यापासून लांब, उजेडात, मागचा लाल दिवा चालू ठेवून. डभोई रोडला केवडियाकडे जाणाऱ्या गाड्यांची शनिवार-रविवार खूप वर्दळ असते, त्या जोरात असतात.

अजून एक पितळी अडॅप्टर खिशात ठेवाच. आपले बारीक प्रेस्टा व्हॉल्व गावच्या पंक्चरवाल्याच्या पंपाला बसत नाहीत, त्या छोट्याशा अडॅप्टरशिवाय माणूस सगळं असून अडकतो. ट्रकच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरने भरायची वेळ आली तर त्या दादांना सांगा की एकदम नको, थोडी थोडी टिचकी मारल्यासारखी, मध्ये मध्ये गेज बघत. आपल्या ट्यूबमध्ये हवा मावतेच किती, दोन सेकंदांत फुटते.

तारेबद्दल वेगळं लिहितो कारण ती काट्याहून अवघड आहे. ट्रकचे टायर फुटून पडतात, त्यांच्यातल्या पोलादी तारा रस्त्याच्या कडेला विखुरतात, केसाएवढी जाड, तीन-चार मिलिमीटर लांब. ती टायरमध्ये गेली की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, भोकही इतकं बारीक की ट्यूबमध्ये हवा कमी असताना बंदच राहतं, जोरात भरली की मगच उघडतं. संध्याकाळी ८०, सकाळी ५०, पाण्यात काही दिसत नाही, असं असेल तर तारेचा संशय घ्या. ट्यूब जास्त फुगवून परातीत हळूहळू फिरवा, एका जागी सुईच्या टोकाएवढे बुडबुडे एकामागून एक येतील, घाई केली तर निसटतात. हायवे ओलांडून जाताना चोकडीच्या आसपास कडेची ती काळी पट्टी टाळा, डावीकडची पांढरी रेघ आणि चाकाच्या खुणा यांच्या मधून चालवा. अगदी कडेला चालवलं की सुरक्षित वाटतं, पण सगळा कचरा वाऱ्याने आणि पाण्याने तिथेच लोटलेला असतो.

ओल्या रस्त्यावर पंक्चर जास्त होतात हेही खरं आहे. पाण्याने काच आणि काटा रबरात सहज सरकतो. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचा पूर शहरात शिरला होता, पाणी उतरल्यावर रस्त्यांवर गाळाचा थर राहिला आणि त्या गाळात काय काय होतं ते बघायलाच मिळत नव्हतं, त्या दिवसांत मी सायकल काढली आणि एका आठवड्यात टायरमधून काचेचे चार कण उकरले. पूर किंवा मोठा पाऊस झाला की रस्ता झाडून होईपर्यंत थांबलेलं बरं, नाहीतर प्रत्येक राइडनंतर टायर फिरवून बघा.

टायर कुठला घ्यायचा हे बरेच जण विचारतात. आत संरक्षक पट्टा असलेला घ्या, कॉन्टिनेन्टलचा गेटरस्किन या कामासाठी सायकलवाल्यांमध्ये बऱ्याच वर्षांपासून वापरला जातो, माझ्याकडे आत्ता तोच आहे. चालवायला रेसिंगच्या टायरइतका मऊ नाही, पण आपल्याला शर्यत करायची नाहीये, वढवाण्याला जाऊन पक्षी बघून घरी यायचंय. टायर आणि ट्यूबच्या मध्ये जी प्लास्टिकची पट्टी टाकतात ती मी सहा महिने वापरली, तिच्या टोकाचा जो जोड असतो तिथेच ट्यूब घासून भोक पडायला आलं होतं, म्हणून काढली. घालायचीच असेल तर टोकं पॉलिश पेपरने घासून गोल करा. ट्यूबलेस आणि सीलंट (टायरच्या आत घालायचं, भोक बुजवणारं द्रव) चांगलं चालतं, बाभळीच्या काट्याची भोकं तर चाक दोन फेऱ्या फिरेपर्यंत बंद होतात, मात्र आपल्या उन्हाळ्यात ते आत वाळून जातं, दोन-तीन महिन्यांनी उघडून बघावं लागतं आणि नवं घालावं लागतं. हे ज्याला जमेल त्यानेच ट्यूबलेस करावं. वाळलेलं सीलंट म्हणजे काहीच नसल्यासारखं. टायरला मोठी चीर गेली असेल आणि ट्यूब त्यातून डोकावत असेल तर टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा दोन बोटांचा तुकडा आतून लावा, घरापर्यंत नेतो, मी एकदा सिंधरोटहून तसाच आलोय. घरी आलं की टायर बदला.

उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, आधीपासून ते जानेवारी संपेपर्यंत मांजाचं वेगळंच. मागच्या हबमध्ये आणि कॅसेटच्या, म्हणजे मागच्या गियरच्या चकत्यांच्या, दातांत गुंडाळला जातो, ओढून काढायला जाऊ नका, बोटं कापतात, कात्रीने तुकडे तुकडे करून काढा. आणि त्या दिवसांत गळ्याला जाड कापड गुंडाळल्याशिवाय शहरातून सायकल नेऊच नका. पंक्चर निघतं, कापलेला गळा नाही.

राइडवरून आलो की मी आता सायकल उलटी करतो, चाक हळूहळू फिरवत टायर ओल्या फडक्याने पुसतो आणि प्रत्येक काळा ठिपका नखाने तपासतो, कडक लागला तर सुईने उकरतो. दोन्ही चाकांना मिळून दहा मिनिटं लागतात, भाचा आला असेल तर तोच करतो, त्याची नजर चांगली आहे. गेल्या रविवारी वढवाण्याहून आल्यावर मागच्या टायरमधून त्याने दोन टोकं काढली, एक बाभळीचं, एक सराट्याचं. दोन्ही पट्ट्यापर्यंत पोचली होती, ट्यूबपर्यंत एकही नाही, आणि सोमवारी सकाळी गेज लावलं तर ७८.